खाडीतल्या हाउसबोटीवर मुक्काम आणि वॉटर स्पोर्ट्स: या चुका टाळा

हाउसबोटीवरचा किंवा यॉटवरचा मुक्काम ठरवताना सगळे फोटोतली खोली बघतात, डेक केवढा आहे ते बघतात, जेवणात सुरमई मिळेल की पापलेट ते विचारतात. पंचांग उघडून तिथी कोणी बघत नाही. कोकणातल्या खाडीत तुमच्या चोवीस तासांचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. "स्कूबात काहीच दिसलं नाही", "बेट पाण्याखालीच होतं", "रात्री बोट एका अंगाला कलली" या तक्रारींमागे बहुतेक वेळा बोट वाईट नसते, वेळ चुकलेली असते.

पुढची उदाहरणं मुख्यतः मालवण, तारकर्ली आणि देवबागची आहेत, कारण रात्र कर्ली खाडीत आणि सकाळ समुद्रात असा बेत तिथे सहज जमतो. जयगड, दाभोळ, विजयदुर्ग, राजापुरी या खाड्यांनाही हिशोब तोच लागतो. उत्तरेकडे जाल तसा भरती-ओहोटीतला फरक मात्र वाढत जातो.

तारीख फक्त सुट्टी पाहून ठरवणे

किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. कृष्ण पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच. हा आडाखा मुंबईकडच्या पाण्याला बरा बसतो. मालवणला भरती त्याआधी साधारण पाऊण ते एक तास येते. पुढची ओहोटी सव्वासहा तासांनी, आणि रोजचं पाणी आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. शेवटची खात्री भरतीच्या तक्त्यावरूनच करा, पण बुकिंगच्या आधी चार तारखांतून दोन बाजूला काढायला एवढं गणित पुरतं.

आता ते वापरून पाहा. स्कूबा आणि स्नॉर्केलिंगला भरतीचं पाणी चांगलं, कारण समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. ओहोटीत खाडीतला गाळ बाहेर पडतो आणि दृश्यमानता घसरते. वारा सकाळी कमी असतो. म्हणजे भरती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान हवी. मालवणला ती एकादशी ते त्रयोदशीच्या आसपास येते. त्याच दिवशी ओहोटी दुपारी दीड ते तीनच्या सुमारास लागते, तेव्हा कर्ली खाडीतलं त्सुनामी बेट, म्हणजे वाळूचा उथळ पट्टा, उघडं पडलेलं असतं. एकाच दिवसात दोन्ही साधतं. हेच अष्टमीला गेलात तर सकाळच्या भरतीचं पाणी पहाटे पाच-सव्वापाचला येऊन जातं, आणि तुम्ही दहा वाजता पाण्यात उतरता ते ओहोटीच्या शेवटी.

उधाणाचे दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि नंतरचे दोन-तीन दिवस, पाण्याची ओढ सर्वांत जास्त. मालवणकडे उधाणात पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. ते सरळ रेषेत उतरत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं, आणि ओढही तेव्हाच जास्त असते. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा पहिल्यांदाच कयाक चालवणारे बरोबर असतील तर भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. स्कूबाला थोडं कमी दिसेल, पण खाडी शांत असते.

चेक-इन झाल्यावर लगेच पाण्यात उतरणे

बारा-एकला बोटीवर चढायचं, जेवायचं आणि तीनला पॅरासेलिंग, हा बेत सोयीचा वाटतो पण वाऱ्याच्या विरुद्ध जातो. रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून हलका वाहतो आणि समुद्र सपाट असतो. जमीन तापली की अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तीन-चारला जोर धरतो. लाटांना पांढरे शेंडे दिसू लागले की पॅरासेलिंग आणि बनाना राइड रद्द समजा. ऑपरेटर तयार असला तरी.

सर्वांत वाईट जागा म्हणजे खाडीचं मुख. बाहेर पडणारं ओहोटीचं पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात. लाट आखूड होते, उभी राहते आणि लहान होडीला उचलून आपटते. म्हणून डॉल्फिन पाहायला जायचं ते सकाळी लवकर, आणि परत येताना मुखावर भर ओहोटी लागणार नाही असं पाहून. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, "आता नको, तासाभराने जाऊ" म्हणाला तर घासाघीस करू नका. त्याच्या त्या एका तासात पाणी पालटतं.

थोडक्यात, बोटीवरच्या पहिल्या दुपारी खाडीतली संथ कामं ठेवा: आत कांदळवनाकडे फेरफटका, कयाक, बेट. समुद्रातली कामं दुसऱ्या सकाळी.

स्कूबा: सगळ्यात जास्त चुका इथेच

पहिली चूक कानाची. दुखायला लागल्यावर कान मोकळे करायचे असं बहुतेकांना वाटतं. तोवर उशीर झालेला असतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानाला सर्वांत जास्त जाणवतात ते पहिले तीन मीटर. डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला सुरुवात करा आणि दर अर्ध्या मीटरला तेच करा. मोकळे झाले नाहीत तर जोर लावू नका. मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाहीच. नाक मोकळं करणारी गोळी किंवा थेंब घेऊन उतरणं तर अधिक धोक्याचं, कारण औषधाचा असर खाली असताना संपला की वर येताना आतली हवा अडकते.

दुसरी चूक श्वास रोखण्याची. दहा मीटरवर फुप्फुसात असलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास अखंड चालू ठेवायचा, वर येताना तर हमखास.

तिसरी खुणेची. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "मला वर न्या". मजेत आहोत हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. कित्येक डाइव्ह याच गैरसमजात पाच मिनिटांत आटोपतात आणि मग पैशांवरून वाद होतो. काही बिनसलं असेल तर हाताचा पंजा आडवा डोलवा आणि जिथे त्रास आहे तिकडे बोट दाखवा.

मास्कमध्ये पाणी शिरत असेल तर पट्टा आवळू नका. आवळल्याने रबराची कड दुमडते आणि गळती वाढते. आधी कडेखाली केस किंवा टोपी आली आहे का ते पाहा. भरघोस मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक पट्टी कापलेली बरी. काचेवर वाफ धरत असेल तर आतून थुंकी चोळून खळखळून धुवा. किळस वाटली तर बेबी शाम्पूचा एक थेंब. सनस्क्रीन कपाळाला आणि डोळ्यांभोवती लावून उतरलात तर ते हमखास डोळ्यांत येतं.

दमा, हृदयविकार, फिट, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना हा प्रकार नको. आदल्या रात्री डेकवर मद्यपान झालं असेल तर सकाळचा स्लॉट सोडून द्या.

आणि परतीचा प्रवास. एक डाइव्ह झाली असेल तर विमानापूर्वी १२ तास, एकापेक्षा जास्त झाल्या असतील तर १८ तास थांबायचं, हा नियम लोकांनी निदान ऐकलेला असतो. चिपी विमानतळ जवळ असल्यामुळे तो मोडण्याचा मोह होतो. घाटाचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. हाच इशारा साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीलाही लागू होतो, आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोलीमार्गे बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचं असेल तर डाइव्ह आदल्या दिवशी घ्या. कुडाळहून कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना ही अडचण नाही, गाडी खालूनच जाते.

लाइफ जॅकेट नुसतं अडकवणे

सगळी बक्कलं लावा, मग दुसऱ्याला दोन्ही खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट आवळून घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, हे बुकिंगच्या फोनवर विचारा, जेटीवर नव्हे.

जेट स्कीवर नवखा माणूस समोर अडथळा दिसला की थ्रॉटल (वेग देणारा खटका) सोडतो आणि हँडल वळवतो. ती वळत नाही, कारण तिला वळवतो तो मागून फेकला जाणारा पाण्याचा झोत. थ्रॉटल सोडला की झोत गेला, वळणही गेलं. थोडा थ्रॉटल ठेवूनच वळवा. इंजिन बंद करण्याची दोरी मनगटाला अडकवलेली हवीच. बनाना राइडमध्ये मुद्दाम उलटवतात. नको असेल तर बसण्याआधी स्पष्ट सांगा, चष्म्याला दोरी बांधा, आणि बोटीचं इंजिन न्यूट्रलला आल्याशिवाय तिच्या मागच्या बाजूला जाऊ नका.

कयाक घेऊन निघताना आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा. दमल्यावर परत यायला पाणी मदत करेल. उलट केलंत तर जाताना मजा वाटते आणि बोट समोर दिसत असूनही गाठता येत नाही. बेटावर आणि खडकांवर अनवाणी उतरू नका, खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.

बोटीवरची रात्र

एसी बहुतेक ठिकाणी जनरेटरवर चालतो. तो किती ते किती वाजेपर्यंत चालू असतो, आणि नंतर इन्व्हर्टरवर पंखा व चार्जिंग मिळतं का, हे आधी विचारा. जनरेटर चालू असताना त्याच्या धुराड्याच्या बाजूला डेकवर बसू नका, तिथून पाण्यातही उतरू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बोट रात्री नांगराभोवती फिरते. भरतीत तोंड एकीकडे, ओहोटीत दुसरीकडे. त्यामुळे "सूर्योदय दिसणारी खोली" या मागणीला फारसा अर्थ नाही. बोट कलली तर समजा ओहोटीला ती गाळावर टेकली आहे. भरतीबरोबर सरळ होईल, पण उधाणाच्या दिवसांत खोल जागी नांगर टाकायला संध्याकाळीच सांगितलेलं बरं.

गोडं पाणी टाकीपुरतं असतं. समुद्रातून आल्यावर प्रत्येकाने दहा मिनिटं शॉवर घेतला की रात्री नळ कोरडा. संडासात कागद, पॅड, ओले रुमाल टाकू नका. बोटीवरचा बारीक पाइप तुंबला की उरलेला मुक्काम त्याच्याशी झटापटीत जातो. थंडीत दंव इतकं पडतं की डेकवर वाळत टाकलेले कपडे सकाळी जास्त ओले असतात. तिन्हीसांजेला कांदळवनाच्या बाजूने चिलटं येतात. लांब बाह्यांचे कपडे आणि मलम हाताशी ठेवा.

बोट लागण्याचा त्रास असेल तर उपाशीपोटी निघू नका आणि वडे-सागोती चापूनही निघू नका. दोन घावणे पुरे. होडीत मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तास-दोन तास आधी. मळमळायला लागल्यावर घेतलेली उलटून पडते. झोप आणणारी गोळी घेतली असेल तर स्कूबा टाळा.

कागद आणि हंगाम न तपासणे

मालवण-तारकर्लीकडची प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. त्या काळात कोणी "स्पेशल" सोय करून देत असेल तर नको म्हणा. सप्टेंबरमध्ये परवानगी असली तरी पाणी गढूळच. स्कूबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये आकाश निरभ्र असतानाही दक्षिणेकडून लांबच्या लाटा येऊ शकतात, म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज दोन दिवस आधी बघा.

बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली असते. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या नोंदणीचे आणि तपासणीचे कागद मागायला संकोच करू नका. बंदर खात्याने बंदी घातली तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे मेसेजवर लिहून घ्या. तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक जेटीवरच फोनमध्ये टाका, खाडीत आत रेंज जाते. यूपीआयही तिथेच अडतं, थोडी रोकड ठेवा.

शेवटची अडचण उतरताना येते. चेक-आउट दहाला आणि ओहोटीही दहाला असेल तर मोठी बोट जेटीला लागत नाही. सामान लहान होडीत उतरवून, कधी गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागतं. चाकांच्या बॅगा तिथे निरुपयोगी. आदल्या रात्री तांडेलाला सकाळचं पाणी कितीला आहे ते विचारा. गरज पडली तर तासभर आधी निघा, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना पहिल्या फेरीतच जेटीवर पोचवा.