मुरूम, खडक आणि महामार्ग: एकाच सायकलसाठी हँडलबार निवडण्यापूर्वीची तयारी

हँडलबार विकत घेण्यापूर्वी आपली सायकल प्रत्यक्षात कोठे धावते याचा हिशेब कागदावर मांडावा, आणि तो मांडताना मनातल्या डोंगरापेक्षा चाकाखालचा रस्ता मोजावा. मुंबईत राहून माउंटन (डोंगरवाटा) आणि ग्रॅव्हल (मुरूम-खडीचे रस्ते) असे दोन्ही शौक एकाच सायकलवर भागवणारा माणूस पहाटे येऊरचा चढ चढतो किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत जातो, सवड मिळाली की कर्जतहून कशेळे-मुरबाडच्या बाजूला मुरमाड रस्त्यांवर उतरतो, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला पोहोचून रेवदंड्याकडच्या आडवाटा धरतो. परंतु या सगळ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत त्याचा बराचसा वेळ काँक्रीटच्या सांध्यांवर, पेव्हर ब्लॉकवर आणि बसच्या मागच्या धुरात जातो. म्हणून कागदावर तीन रकाने करावेत: डांबर व काँक्रीट, मुरूम व खडी, आणि खरी दगडधोंड्यांची पायवाट. तिसरा रकाना जवळजवळ रिकामा राहिला तर त्यात कमीपणा नाही. मात्र त्या रिकाम्या रकान्यासाठी 800 मि.मी. रुंदीचा बार घेऊ नये.

यानंतर सायकलच्या चौकटीकडे पाहावे, कारण माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. मध्यम मापाच्या आजच्या हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या) माउंटन सायकलचा रीच, म्हणजे पेडलचे दांडे ज्या धुरीवर फिरतात तिच्यापासून हेडट्यूबच्या (चौकटीच्या पुढच्या उभ्या नळीच्या) माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, साधारण 430 ते 450 मि.मी. असते, तर त्याच उंचीच्या स्वारासाठी बनवलेल्या ग्रॅव्हल सायकलचा रीच 380 ते 400 मि.मी.च्या घरात असतो. हा फरक उगाच ठेवलेला नाही. फ्लॅट, म्हणजे सरळ, बारवर हात जवळजवळ स्टेमच्या (बारला सायकलशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) रेषेत राहतात. खाली वळलेल्या ड्रॉप बारवर बारचा स्वतःचा रीच (पुढे येणारी लांबी) 65 ते 80 मि.मी. आणि त्यापुढे ब्रेकच्या हूडची (लिव्हरच्या रबरी खोळीच्या पकडीची) लांबी अशी भर पडून हात बरेच पुढे जातात. त्यामुळे लांब चौकटीवर ड्रॉप बार चढवला की स्वार पोटावर पसरतो, आणि आखूड चौकटीवर सरळ बार बसवला की गुडघे कोपरांना भिडल्यासारखे वाटते. स्टेम बदलून यातले काही सावरता येते, पण 50 मि.मी.चा स्टेम 35 चा केल्याने केवळ 15 मि.मी. परत मिळतात, हे गणित दुकानात जाण्याआधी घरीच करून घ्यावे. 1990 च्या हंगामात अमेरिकन शर्यतपटू जॉन टोमॅक ड्रॉप बार लावून माउंटन शर्यतीत उतरला होता हे खरे. पण त्या काळच्या चौकटी वेगळ्या होत्या, आणि तो टोमॅक होता.

सर्वांत जास्त पैसा बारमध्ये जात नाही, तो त्याच्यावर बसणाऱ्या वस्तूंमध्ये जातो. जाणत्या दुकानदाराला ड्रॉप बार दाखवायला सांगितले की तो आधी विचारतो, “साहेब, ब्रेक आणि शिफ्टरचं काय करणार आहात?” शिफ्टर म्हणजे गिअर बदलायचा लिव्हर; या प्रश्नाचे उत्तर खिशात घेऊनच जावे. फ्लॅट बारच्या पकडीच्या भागाचा व्यास 22.2 मि.मी. असतो, ड्रॉप बारचा 23.8 मि.मी.; दीड मिलिमीटरच्या या फरकामुळे एकाचे लिव्हर दुसऱ्यावर नीट बसत नाहीत. लिव्हर नवे घेतले तरी ते किती केबल ओढतात हा प्रश्न उरतोच. व्ही-ब्रेक आणि माउंटन प्रकारचे केबलवाले डिस्क ब्रेक लांब ओढ मागतात, रोड लिव्हर आखूड ओढ देतात, आणि ही जोडी चुकीची जुळली तर लिव्हर पूर्ण दाबूनही चाक हवे तसे थांबत नाही. गिअरचेही तसेच आहे: शिमानोच्या 9 स्पीडपर्यंत रोडचे शिफ्टर आणि माउंटनचा मागचा डिरेलर (साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एकत्र चालत असत, 10 स्पीडपासून ते जुळेनासे झाले. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारे) ब्रेक असतील तर कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्यात, खनिज तेल आहे की डॉट नावाचा ब्रेक द्रव, हे आधी पाहावे. एकाच्या जागी दुसरे भरल्यास आतली रबरी सील खराब होतात. एकूण खर्चाचा आकडा मांडल्यावर अनेकांचा ड्रॉप बारचा मोह आपोआप ओसरतो. मधला मार्ग म्हणून सर्ली कंपनीचा कॉर्नर बार आहे, ज्याचा आकार ड्रॉपसारखा असून त्यावर माउंटनचेच लिव्हर आणि शिफ्टर बसतात. तो वजनदार आहे आणि दिसायला ओबडधोबड आहे, पण जुनी माउंटन सायकल मुरमावर दूरवर न्यायची असेल तर त्याचा विचार अवश्य करावा.

रुंदी ठरवण्यासाठी मोजपट्टी घेऊन सायकलपाशी बसावे. माउंटन बारची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांगितली जाते आणि आज ती 740 ते 800 मि.मी. एवढी असते. रुंद बारने दगडात चाक वळवायला जोर मिळतो यात शंका नाही, परंतु तोच बार रिक्षा आणि दुभाजक यांच्यामधल्या फटीत, जुन्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर आणि लोकलच्या लगेज डब्याच्या दारात अडतो. आपल्या जिन्याची, लिफ्टच्या दाराची आणि घराच्या व्हरांड्याची रुंदी मोजून ती बारच्या रुंदीशेजारी लिहावी. गर्दीची वेळ टाळून लगेज डब्यातून सायकल नेणाऱ्याला तर माशांच्या पाट्या आणि भाजीच्या गोण्यांमध्ये चाक तिरके करून उभे राहावे लागते, आणि तिथे प्रत्येक इंच दुसऱ्याच्या बरगडीत जातो. बार कापण्याची घाई मात्र करू नये. आधी ब्रेक लिव्हर, शिफ्टर आणि ग्रिप दोन्ही बाजूंनी सारख्या अंतराने आत सरकवून, बारची टोके ग्रिपबाहेर तशीच मोकळी ठेवून, परिसरातल्या मोकळ्या रस्त्यावर काही फेऱ्या माराव्यात. श्वास कोंडल्यासारखा होत नाही, खड्ड्यात चाक हिसका मारत नाही आणि उतारावर बार अस्थिर वाटत नाही, तोवर आणखी थोडे आत यायला हरकत नाही. मिश्र वापरासाठी 700 ते 720 मि.मी. हा मला मुंबईत सर्वांत शहाणा आकडा वाटतो, अर्थात खांदे फारच रुंद असतील तर गोष्ट वेगळी. त्यानंतरच हॅकसॉने कापावे, आणि कापलेली कड कानसेने गुळगुळीत करून टोकाला प्लग लावावा. उघडे टोक पडल्यावर मांडीत घुसू शकते.

रुंदीइतकेच महत्त्व बॅकस्वीपला, म्हणजे बारच्या मागे वळण्याच्या कोनाला, द्यावे, आणि दुर्दैवाने दुकानात त्याबद्दल कोणी विचारत नाही. सर्वसाधारण माउंटन बार मागच्या बाजूला 5 ते 9 अंश वळलेला असतो. कोपर बाहेर काढून खडकाळ उतारावर झुंजताना हा कोन योग्य आहे. पण बसून दोन-तीन तास सपाटीवर पेडल मारताना मनगट बाहेरच्या दिशेने मोडल्यासारखे राहते, तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूवर भार येतो आणि तिथून जाणारी अल्नर नस दाबली गेली की करंगळी व अनामिका यांना मुंग्या येतात. ज्याला या मुंग्या ओळखीच्या आहेत त्याने जेलच्या ग्रिपवर खर्च करण्याआधी वळणदार बार पाहावा. जोन्स कंपनीच्या लूपसारख्या, पुढे कमान असलेल्या, 45 अंशांच्या बारमध्ये हात जवळजवळ चालताना असतात तसे नैसर्गिक राहतात, आणि पुढच्या कमानीवर हात नेऊन वाऱ्याला तोंड देता येते, म्हणजे ड्रॉप बारचा एक मोठा फायदा लिव्हर न बदलता मिळतो. मात्र एवढ्या वळणाने हात काही सेंटिमीटर मागे येतात, त्यामुळे स्टेम थोडा लांब घ्यावा लागतो, आणि उभ्या चढावर बार गुडघ्याला लागत नाही ना हे घेण्याआधी तपासावे लागते. ज्याची चौकट माउंटनची आहे आणि ज्याच्या कागदावर पहिले दोन रकाने भरले आहेत, त्याने डोळे झाकून याच जातीचा, पण मध्यम वळणाचा बार शोधावा असे मी म्हणेन.

चौकट ग्रॅव्हलची असेल तर ड्रॉप बार ठेवावा आणि त्याचा फ्लेअर, म्हणजे खालची टोके बाहेर फाकण्याचा कोन, तपासावा. 16 अंशांच्या आसपास फ्लेअर असलेला, हूडपाशी 440 मि.मी. असलेला बार खाली 500 च्या पुढे जातो, आणि मुरमाच्या उतारावर खालच्या पकडीतून ब्रेक मारताना ही जास्तीची रुंदी चाकाला ताब्यात ठेवते. रुंदी हूडपाशी मोजली आहे की खाली, मध्यापासून की बाहेरून, हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने सांगते, म्हणून दोन बार ताडून पाहताना मोजपट्टी स्वतः लावावी. खालच्या पकडीपर्यंत हात सहज पोहोचावा यासाठी ड्रॉप 110 ते 120 मि.मी.पेक्षा खोल घेऊ नये. पोहोचायला कष्ट पडले की माणूस तो भाग वापरतच नाही.

स्टेमच्या पकडीचा व्यास मोजमापाच्या कॅलिपरने मोजून घ्यावा: 31.8 मि.मी. सर्वत्र मिळतो, नव्या माउंटन सायकलींवर 35 आढळतो आणि जुन्या सायकलींवर 25.4. बारवर किंवा त्याच्या माहितीपत्रकावर वापराची श्रेणी दिलेली असेल तर तीही वाचावी. श्रेणी 2 मुरूम व सौम्य कच्च्या रस्त्यासाठी असून तीत साधारण 15 सें.मी.पर्यंतची उडी धरलेली आहे, तर श्रेणी 3 मध्ये ती सुमारे 60 सें.मी.पर्यंत जाते. पायवाटेवर उतरणाऱ्याने श्रेणी 3 च्या खाली जाऊ नये. कार्बनचा बार घेणाऱ्याने त्यासोबत कार्बनची पेस्ट (बार पकडीत सरकू नये म्हणून लावायची) आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना) हेही खर्चात धरावेत.

बार बसवताना स्टेमवर बोल्टपाशी लिहिलेला आकडा पाळावा, तो बहुतेक वेळा 4 ते 6 न्यूटन-मीटर असतो, आणि चारही बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळावेत, जेणेकरून पुढच्या पट्टीच्या वरची आणि खालची फट सारखी राहील. नंतर सायकल उभी धरून बार दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावा आणि केबलचा आऊटर (बाहेरचे आवरण) कोठे ताणला जातो ते डोळे बारीक करून पाहावे. रुंद किंवा वळणदार बारवर जुना आऊटर आखूड पडतो, आणि पूर्ण वळणावर मागचा ब्रेक आपोआप लागतो किंवा गिअर स्वतःच बदलतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. परदेशातून मागवलेल्या संचात तो कधी कधी डाव्या हाताला असतो, तेव्हा बसवणाऱ्या मेकॅनिकला हे आधीच सांगावे.

राहिला समुद्र. मुंबईत खारी हवा आणि घाम मिळून ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखा थर चढवतात, आणि तो बारच्या टेपखाली किंवा ग्रिपच्या पट्टीखाली दिसत नाही. म्हणून बार नवा असतानाच स्टेमचे बोल्ट स्टेनलेस आहेत की नाही पाहावे, टेप दरवर्षी पावसाळ्यानंतर काढून खालची नळी कोरड्या फडक्याने पुसावी, आणि जिथे केबल बारला घासते किंवा लिव्हरची पकड आवळलेली असते तिथे नखाने खड्डा किंवा बारीक चीर लागते का ते चाचपावे. चीर लागली, किंवा सायकल जोरात आपटून बार वाकला, तर तो सरळ करून पुन्हा वापरू नये. नवा बार बसवल्यानंतरच्या पहिल्या लांब फेरीवर 4 आणि 5 मि.मी.ची ऍलन की खिशात ठेवावी, आणि मधल्या चहाच्या थांब्यावर स्टेमचे बोल्ट व लिव्हरचे कोन पुन्हा एकदा पाहावेत.