जुनं सामान ऑनलाइन विकताय? आधी या चुका टाळा

घर बदलायचा सीझन आला की मला एक तरी फोन येतोच, "दादा, फ्रिज विकायला टाकला होता, पैसे यायच्या ऐवजी खात्यातनं गेले." मी काही सायबर एक्सपर्ट नाही, तीनदा घर बदललंय आणि दर वेळी अर्धा संसार ऑनलाइन विकलाय एवढंच. पण चुका बघावं तर त्याच त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मिळालं की खूश होणं. अरे, आपल्याकडे पाच रुपयांच्या कोथिंबिरीला भाव करतात, तुमचं सहा वर्षं जुनं मशीन न बघता कोण घेईल?

माझ्या मावसभावाने वॉशिंग मशीन ९ हजाराला टाकलं. दहा मिनिटांत फोन, "सर, मैं आर्मी में हूँ", पाठोपाठ युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड, सगळं. टेम्पो पाठवतो, पैसे आत्ताच घ्या म्हणाला. आधी ५ रुपये खरंच पाठवले, मग आला क्यूआर कोड, "स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जाएगा". ह्याने टाकला आणि ९ हजार गेले. स्क्रीनवर 'पे' असं स्पष्ट लिहिलेलं असतं हो, पण समोरचा सतत बोलत राहतो, वाचूच देत नाही. वर "गलती से उलटा हो गया, रिफंड के लिए फिर से स्कॅन कीजिए", आणि ह्याने परत केलं! १८ हजार. आता हसू नका, २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे जुना सोफा विकताना अगदी असेच ३४ हजार गेले होते, तेही दोन हप्त्यांत.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करायचा तो देणाऱ्याने, आपण आपला दाखवायचा आणि गप्प बसायचं.

आणि भावाने अजून एक घोळ घातला, लाजेपायी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडकवता येण्याचा चान्स असतो, दोन दिवसांनी काय मिळणार, कप्पाळ.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ईमेलची. बँकेचा जो मेल आयडी तोच जाहिरातीत टाकायचा आणि मग महिनाभर स्पॅम आलं की रडायचं. मी विकाविकीसाठी वेगळा आयडी ठेवलाय, सामान संपलं की तिकडे ढुंकून बघत नाही. अमेरिकेतल्या आमच्या एका मैत्रिणीला डायनिंग टेबल विकताना 'झेल'च्या (Zelle, तिकडची बँकेतून पैसे पाठवायची सोय) नावाने मेल आला, पैसे आलेत पण अडकलेत, तुमचं खातं बिझनेसवालं करावं लागेल, त्यासाठी गिऱ्हाइकाने ३०० डॉलर जास्त भरलेत ते त्याला परत करा. लोगो बिगो झकास, पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र साध्या जीमेलचा. ती वाचली कारण तिने मेलमधल्या लिंकला हात न लावता बँकेचं अ‍ॅप उघडून बघितलं, तिथे एक डॉलर आला नव्हता. इकडे हेच कुरियरचा इन्शुरन्स भरा म्हणून येतं. विकणाऱ्याने पैसे भरायचे हा कुठला धंदा?

बाकी किरकोळ. 'क्रेडिटेड'चा एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही. "तुम्ही खरे आहात ना, बघायला कोड पाठवलाय, सांगा" म्हणाला की फोन ठेवा. कुणी सांगितलं म्हणून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप तर टाकूच नका.

ज्यांना रात्री जाहिरात टाकून सकाळी सामान गेलेलं हवं असतं, फसतात बहुतेक तेच. मला रोज दहा मेसेज यायचे 'फायनल किती', मी सगळ्यांना एकच सांगायचो, या, चहा घ्या, चालवून बघा, मग पैसे. आर्मीवाले साहेब एकदाही चहाला आले नाहीत.

भावाचं मशीन शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी साडेसहा हजारात नेलं, रोख, तासभर चालवून बघून, वर पाइप आणि स्टँड फुकटात मागून घेतला.