बोटीच्या ऑटोपायलटची बटणं दाद देत नाहीत तेव्हा

सगळ्यात आधी चाक किंवा टिलर (सुकाणूचा दांडा) हातात घ्या आणि पायलट स्टँडबायवर टाका, म्हणजे तो सुकाणू सोडून देईल. तेही बटण ऐकत नसेल तर सरळ त्याचा ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) पाडा. बोट ताब्यात आल्याशिवाय पॅनेल उघडायला बसायचं नाही, यावर मी तडजोड करत नाही.

आता डिस्प्ले बघा. अंधार असेल तर फ्यूज तपासा. उजेड आहे पण बटणं मख्ख, तर माझा पहिला संशय जोडणीवर जातो. वीज बंद करून कंट्रोल हेडच्या (बटणं आणि डिस्प्ले असलेल्या पॅनेलच्या) मागचा प्लग काढा आणि पिना बॅटरीच्या उजेडात नीट न्याहाळा. हिरवट पूड दिसली की समजा, खारं पाणी आत शिरलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या, मगच जोडा.

एनएमईए २००० चं जाळं (बोटीवरची उपकरणं एकमेकांशी जोडणारं केबलचं जाळं) असेल तर वीज बंद ठेवूनच त्यातल्या कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन डेटा तारांमधला रोध मोजा. तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एक टर्मिनेटर (जाळ्याच्या टोकाला लावलेला रोधक) निघालाय किंवा तार तुटलीय.

व्होल्टेज मात्र मोटर जोर लावत असतानाच मोजा. एरवी १२.६ व्होल्ट दाखवणारी लाइन सुकाणू फिरताना एकदम खाली बसू शकते आणि पायलटचा कॉम्प्युटर रीसेट होतो. बहुतेकदा टर्मिनल गंजलेलं असतं, नाहीतर तार फार बारीक.

बटणं चालतात, मोटर घुरघुरते, पण सुकाणू ढिम्म? मग मोटरला सुकाणूशी जोडणारा क्लच आणि ड्राइव्हची पिन बघा, आणि तिथे हात घालण्याआधी ब्रेकर पुन्हा पाडा.