जिग तुटून गेली? आधी दोऱ्याचं टोक बघा

खडपावर (किनाऱ्यावरच्या कातळावर) उभं राहून गळाने गरवताना ‘फट्’ असा आवाज येतो, रॉड एकदम हलका होतो आणि जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, एकटीच समुद्रात लांब जाऊन पडते. बहुतेक जण दोऱ्याला दोष देतात आणि पुढच्या खेपेला जाड दोरा भरतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. फेक तोकडी झाली, मासे कमी लागले, जिग मात्र जातच राहिल्या. मग तुटलेलं टोक नीट बघायची सवय लावली, तेव्हा कारणं कळायला लागली.

टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असेल तर दोरा तुटलेला नसतो, गाठ सरकून सुटलेली असते. टोक पांढुरकं आणि खरखरीत असेल तर दोरा कातळावर किंवा कालवांवर घासलाय. ब्लेडने कापल्यासारखं साफ असेल तर दात. सुरमई लागायच्या दिवसांत असं दोनदा झालं की जिगच्या वर बोटभर तार लावावी, त्याला दुसरा इलाज नाही.

फेकतानाच तुटतो तेव्हा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. 40 ग्रॅमची जिग हातात हलकी वाटते, पण फेकीच्या झटक्यात दोऱ्यावर तिच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. किनाऱ्यावरून जड शिसं फेकणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: दर 28 ग्रॅममागे 10 पौंड ताकदीचा लीडर (मुख्य दोरा आणि जिग यांच्या मधला वेगळा तुकडा). म्हणजे 60 ग्रॅमला 20-25 पौंड हवाच. आपल्याकडे खाली कातळ आणि कालवं असल्यामुळे मी 40 लावतो.

ब्रेडेड दोरा (बारीक धागे विणून केलेला मुख्य दोरा) निवडताना खोक्यावरचे पौंड नंतर वाचा, पीई नंबर (जाडीचं माप) आणि मिमीतली जाडी आधी. पीई 1 म्हणजे साधारण 0.165 मिमी, पीई 2 म्हणजे 0.235. नंबर दुप्पट झाला तरी जाडी दीडपटीच्या आतच राहते. जाडीचा आकडाच नसलेला दोरा मी घेत नाही. माझं गणित असं: 7 ते 15 ग्रॅमच्या छोट्या जिगला पीई 0.6 किंवा 0.8 आणि 12-16 पौंडांचा लीडर. 20 ते 40 ग्रॅमला पीई 1 ते 1.5, लीडर 25-30. 60 ग्रॅमला पीई 2. होडीतून 80-100 ग्रॅम सोडायची असेल तर पीई 2 ते 3, लीडर 50 च्या पुढे.

छोट्या जिगला जाड लीडर लावणं हीही चूकच. 10 ग्रॅमची जिग 40 पौंडांच्या कडक लीडरवर नाचत नाही, काठीला बांधल्यासारखी ओढत येते. मासा मागे येतो आणि वळून जातो.

दोरा, लीडर सगळं बरोबर असूनही फेकताना तुटत असेल तर रीळ बघा. हलकी जिग वाऱ्याच्या तोंडावर फेकली की ब्रेडेड दोरा ढिला गुंडाळला जातो. पुढच्या फेकीला दोन-तीन वेढे एकदम सुटतात, त्यांचा गुंता रॉडच्या कड्यात अडकतो आणि जिग निघून जाते. दोष दोऱ्याच्या ताकदीत नसतो. रीळ काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर रिकामी ठेवा. फेकीनंतर बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने बंद करा, दोरा एकदा ताणा, मगच हँडल फिरवा. वारा वाढला की दोरा बदलण्याआधी जिग बदला: तेवढ्याच वजनाची, पण आखूड आणि जाडसर.

जिग तळाला पोचत नाही तेव्हा

होडीत बसल्यावर लोक लगेच जड जिग काढतात. त्याआधी दोरा बघा. जाड दोऱ्याला पाणी जास्त ओढतं, त्यात ब्रेडेड दोरा पाण्यापेक्षा हलका, म्हणून मधे पोट पडतं आणि जिग तिरकी वाहत जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे फार जाणवतं. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवशी जिथे पीई 2 वर 60 ग्रॅम सरळ खाली जाते, तिथेच उधाणात तिचा पत्ता लागत नाही. आधी पीई 1.5 वर या, तरी जमलं नाही तर वजन वाढवा.

साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) या कामाला नको. नायलॉन तुटण्याआधी पाचव्या हिश्शाइतका तरी ताणतो. 30 मीटर खोलीवर तुमचा झटका त्या ताणातच विरतो, जिग जागची हलत नाही. लीडरला मात्र नायलॉन चालतो. कातळात गोबरा किंवा तांबोशी असेल तर मी फ्लुरोकार्बन लावतो. तो घासायला जास्त टिकतो आणि बुडतोही. पावसाळ्यानंतर खाडीचं पाणी गढूळ असतं तेव्हा लीडर जाड चालतो, डिसेंबरात पाणी नितळ झालं की एक पायरी बारीक करावा.

गाठ आणि ब्रेक

ब्रेडेड दोरा आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. आठवडाभर घरी बसून बांधली तरी चालेल. दुहेरी युनी लवकर बांधली जाते, पण तिचा गोळा प्रत्येक फेकीत कड्यांवर आपटतो. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने दोरा तापतो आणि तिथेच कच्चा होतो.

रिळाचा ब्रेक (मासा ओढताना किती ताणावर दोरा सुटावा ते ठरवणारा) दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो, तेव्हा अडीच-तीन किलो. ताणकाट्याने एकदा मोजून बघा, हाताचा अंदाज फसवतो.

जिग खडपात अडकली तर दोरा बोटांना गुंडाळून ओढू नका, ब्रेडेड दोरा हाडापर्यंत कापतो. लाकडाच्या तुकड्याला दोन वेढे द्या आणि सरळ मागे चाला. लीडर मुख्य दोऱ्यापेक्षा फार ताकदवान असेल तर दोरा मधेच कुठेतरी तुटतो आणि वीस-तीस मीटर ब्रेड खडपात राहतो. तसा राहिलेला दोरा खेकड्यांना, कासवांना अडकवत राहतो. म्हणून जिगजवळची गाठ सगळ्यात आधी सुटेल असा मेळ ठेवा.

प्रत्येक मोठ्या माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग नखातून ओढून बघा. जराही खरखर लागली तर कापा आणि नव्याने बांधा. मे महिन्याच्या शेवटी मी दोरा गोड्या पाण्याने धुतो आणि रिळावर उलटा करून भरतो, म्हणजे आतली न वापरलेली बाजू वर येते.