कॅनडात आयटीची नोकरी हवी, तर तयारी इथूनच

नांदेड-लातूरकडचा माणूस दहा वर्षं सर्व्हर सांभाळून पीआरवर (तिथे कायम राहण्याच्या परवान्यावर) कॅनडाला जातो, तेव्हा त्याला काम नव्याने शिकायचं नसतं. अडचण एवढीच की तिथल्या कंपनीला त्याचं कॉलेजही माहीत नसतं आणि जुनी कंपनीही. ब्रिज ट्रेनिंगचे कोर्स ही दरी भरून काढण्यासाठी असतात.

आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेली सगळ्या वर्षांच्या गुणांची अधिकृत नोंद. पदवीच्या मूल्यमापनासाठी, म्हणजे ती कॅनडात कशाच्या बरोबरीची हे ठरवण्यासाठी, ती लागते. मुख्य अर्जदाराच्या पदवीचं मूल्यमापन पीआरच्या अर्जातच होतं, जोडीदाराचं मात्र पुष्कळदा राहून जातं. तेही निघण्याआधीच करून घ्या, नंतर टोरांटोत बसून विद्यापीठाच्या खिडकीवर पाठपुरावा करणं फार जड जातं. नांदेडचं विद्यापीठ 1994 चं. त्याआधी पदवी घेतली असेल, तर कॉलेज नांदेड, परभणी किंवा लातूरचं असलं तरी चौकशी छत्रपती संभाजीनगरला करावी लागते. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हा घोळ नेहमीचा. लग्नाचा दाखला सोबत जोडा. ट्रान्सक्रिप्टचा लिफाफा विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी बंद असतो. तो घरी उघडून बघितला की बाद.

ट्रेनिंग निवडताना महागड्या बूटकॅम्पचे (थोड्या दिवसांच्या झटपट कोर्सचे) पैसे लगेच भरू नका. सरकारी मदतीवर चालणारे नोकरी-तयारीचे बरेच वर्ग पीआरवाल्यांना मोफत असतात, काही तर पीआर मंजूर झाल्यावर इथूनच ऑनलाइन करता येतात. वर्गात मेंटर मिळतो का आणि कंपनीत प्रत्यक्ष काम करायला मिळतं का, हे आधी विचारा. नुसती लेक्चरं असतील तर सोडून द्या.

सर्टिफिकेटांचा ढीगही नको. ज्या शहरात जाणार तिथल्या 20 जाहिराती वाचा आणि त्यांत वारंवार दिसतं तेवढंच एक करा. अनुभवी माणसाने एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची) अगदी प्राथमिक परीक्षा देण्यात अर्थ नाही; सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट द्या. 65 प्रश्न, 130 मिनिटं, वैधता 3 वर्षं.

रेझ्युमे दोन पानांत बसवा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित-अविवाहित आणि खालचं 'वरील माहिती खरी आहे' हे सगळं काढा.

आपली माणसं सर्वांत जास्त अडतात ती मुलाखतीत. मोठेपणा नको म्हणून आपण 'आम्ही केलं' म्हणतो, आणि समोरच्याला कळतच नाही की तुम्ही स्वतः काय केलं. अडचण काय होती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत आणि त्यातून किती फरक पडला, हे दोन मिनिटांत 'मी' म्हणून सांगा. असे पाच-सहा प्रसंग लिहून काढा आणि मेंटरसमोर मोठ्याने बोलून बघा.

भाड्यापुरतं गोदामात काम धरावं लागलं तर धरा, पण पाळी अशी घ्या की वर्ग बुडणार नाही.