पीसीला व्हायरस लागलाय? आधी नेटची वायर काढ भावा

परवा मावसभावाचा फोन, "दादा, पीसी लई स्लो झालाय, आणि माझ्या इन्स्टावरनं सगळ्यांना कसली तरी लिंक जायलीय." मंगळवार पेठेत त्याच्या घरी गेलो तर काही चालू नसताना पंखा गिरणीगत घरघरतोय. काय टाकलंस विचारलं तर म्हणे व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायची चोरीची कॉपी, त्यातल्या नोटपॅडात लिहिलेलं की अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा, आणि ह्या बाबानं केला की बंद! चोरानं कडी काढायला सांगितली, ह्यानं काढली.

तर पहिलं काम, नेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद. मग पासवर्ड बदला, पण त्या पीसीवरनं नाही, मोबाइलवरनं. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्याचे रिसेट तिथंच येतात, मग बँक, मग इन्स्टा-बिन्स्टा. आणि पासवर्ड बदलून थांबू नका, "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" पण मारा, कारण असले व्हायरस ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन चालू असल्याच्या खुणा, उचलतात, मग चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. पैसे गेले असतील तर बाकी सगळं ठेवून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन. पीसी रिस्टार्ट होतो, पंधरा एक मिनिटं लागतात, आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते म्हणून लपलेलं पण सापडतं. आमच्यात तीन सापडले.

पण स्कॅन क्लीन आला म्हणजे झालं असं मी तरी धरत नाही. सरळ फॉरमॅट. फोटो, वर्ड-एक्सेलच्या फाइली तेवढ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, सेटअप आणि झिप काही घेऊ नका. दुसऱ्या चांगल्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीनला चालत असेल तर ११ च टाका. विंडोजची प्रॉडक्ट की (लायसन्सचा नंबर) विचारली तर "माझ्याकडे की नाही" निवडा, आधीचं विंडोज ओरिजनल असलं तर नेट आल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

आता आपल्याकडची खरी गोची. आपण सी फॉरमॅट मारतो आणि डी तसाच ठेवतो, आणि क्रॅकचा सेटअप नेमका डी मध्येच पडलेला असतो! गेल्या वर्षी ह्याच पीसीचं एका दुकानात असंच झालं, सी उडवला, वर विंडोजच चोरीचं टाकून ते ओरिजनल भासवणारा ॲक्टिव्हेटर चालवून दिला, पैसे घेतले ते वेगळेच. म्हणून इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन, म्हणजे सी, डी सगळे भाग डिलीट करा, मात्र त्याआधी बाहेर घेतलेले फोटो दुसऱ्या पीसीवर उघडून बघा, नुसती फाइल दिसली म्हणून समाधान मानू नका.

नवं विंडोज, अपडेट, मग फोटोंच्या डिस्कवर स्कॅन, मगच कॉपी.

डी चं पार्टिशन डिलीट करायला लागलो तर हा मागनं म्हणतोय, "दादा, तेवढं एडिटिंगचं फोल्डर राहू दे की, परत कुठं शोधत बसू?"