रोजचा चाकू अंगावर कुठे ठेवायचा? या चुका टाळा

चाकू कुठला घेऊ हे लोक दहा जणांना विचारतात, स्टील कुठलं, लॉक कुठलं, रिव्ह्यू बघून बघून रात्रीचे दोन वाजवतात, आणि पार्सल घरी आलं की जिथे मावेल त्या खिशात टाकून मोकळे होतात. मग महिन्याभरात तक्रारी सुरू. मांडीला टोचतो, बसलं की वर सरकतो, फोनवर चरे पडले, काल रिक्षात पडला वाटतं. यातल्या बहुतेक तक्रारी चाकूच्या नसतातच, जागेच्या असतात. आणि जागा ठरवताना एकच गोष्ट आधी बघायची, तुमचं अंग दिवसभरात कसं कसं वाकतं. तुम्ही दिवसातले दोन तास ॲक्टिव्हावर असता का, उकिडवं बसून काम करता का, पाठीवर सॅक असते का, गाडी चालवता का, यावरून जागा ठरते. यूट्यूबवरच्या त्या अमेरिकन माणसाच्या कमरेला काय शोभतं त्यावरून नाही.

इथे मी कामाच्या चाकूबद्दल बोलतोय हे आधीच सांगतो. पार्सल फोडायचं, सुतळी कापायची, ट्रेकला काकडी-कांदा चिरायचा, गच्चीवरच्या बागेत फांदी छाटायची, वायर सोलायची. स्वसंरक्षणासाठी म्हणून खिशात चाकू हवा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तो घरीच राहू द्या, झटापटीत तो आधी तुम्हालाच लागेल आणि नंतर पोलीस स्टेशनचे हेलपाटे वेगळे.

झटकन निघावा म्हणून जागा निवडणं

सगळ्यात मोठी चूक ही. दिवसात फार तर चार-पाच वेळा चाकू काढायचा असतो, तोही खोका कापायला, त्याला अर्ध्या सेकंदाची घाई कशाला? बाकीचा अख्खा दिवस तो नुसता अंगावर असतो. म्हणजे त्या वेळात तो उघडता कामा नये, पडता कामा नये, आणि तुम्ही पडलात तर तुमच्यात घुसता कामा नये. या तीन गोष्टी आधी, पटकन हाताशी येणं चौथ्या नंबरवर. हा क्रम उलटा केला की मग लोक पोटाच्या पुढे बेल्टमध्ये म्यानातला फिक्स्ड, म्हणजे घडी न होणारा चाकू खोचतात, जो उभं असताना बरा वाटतो पण खाली बसलं की मुठीचं टोक बरगडीत आणि पात्याचं टोक जांघेच्या दिशेला. जांघेतून पायाची मुख्य धमनी जाते, त्या जागेवर नुसत्या कापडी कव्हरच्या भरवशावर पातं रोखून बसणं म्हणजे विषाची परीक्षा.

पुढचा उजवा खिसा, पण नीट

घडीच्या चाकूसाठी बहुतेकांना हीच जागा ठीक असते आणि गडबडही इथेच जास्त होते, म्हणून जरा सविस्तर.

खिशाला अडकवायची क्लिप ही तशी अलीकडची गोष्ट. १९८१ साली स्पायडरकोने वर्कर नावाचं मॉडेल आणलं तेव्हापासून ती रुळली, त्याआधी घडीचा चाकू एक तर खिशाच्या तळाशी लोळायचा नाही तर बेल्टवर चामड्याच्या कव्हरमध्ये असायचा. क्लिपचा फायदा असा की चाकू खिशाच्या कडेला उभा राहतो, तळाला किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांत आडवा पडत नाही. पण लोक क्लिप खिशाच्या मधोमध लावतात आणि मग हात आत घालताना दर वेळी मूठ आडवी येते, बोटं घासतात. क्लिप मागच्या शिवणीला लावा, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, तिथे हाताला वाट मोकळी राहते.

त्यात अजून एक कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. काही चाकूंत बंद असताना पात्याचं टोक वरच्या बाजूला असतं, काहींत खाली. टोक वर असलेला चाकू खिशात चुकून थोडासा जरी उघडला तरी तुम्ही हात घालाल तेव्हा बोट थेट टोकावर जाणार. तो चाकू मागच्या शिवणीला चिकटून असेल आणि पात्याची पाठ शिवणीकडे असेल तर शिवण स्वतःच पात्याला अडवून धरते, उघडायला जागाच मिळत नाही. म्हणून घरी एकदा क्लिप लावून, आरशासमोर उभं राहून बघा की पातं कुठल्या बाजूने उघडेल आणि तिथे कापड आहे की पोकळी. डावखुऱ्यांनी तर हे नक्की बघायचं, कारण क्लिप दुसऱ्या बाजूला लावता येत नसेल तर डाव्या खिशात पात्याची पाठ शिवणीऐवजी पुढे येते.

उघडतो का याची टेस्ट सोपी आहे. चाकू बंद करून, गादीवर किंवा जाड चादरीवर, आजूबाजूला कोणी नाही बघून, पातं उघडतं ती बाजू जमिनीकडे करून जोरात झटका द्या. पातं हललं तर तो चाकू अंगावर ठेवायचाच नाही, आधी दुरुस्त करायचा. नव्यात नीट असलेला चाकू नंतर सैल का होतो तर दोन कारणं. एक, खिशातला कापसासारखा गोळा होणारा मळ, जीन्सचा निळा भुसा, तो मुठीच्या आत साचतो आणि पातं पूर्ण बसत नाही, टॉर्चच्या उजेडात मुठीच्या फटीत बघा, दिसेल, जुन्या टूथब्रशने निघतो. दुसरं, स्क्रू सैल होणं. क्लिपचे ते बारीक चांदणी खाचेचे स्क्रू कधी गळून पडतात पत्ता लागत नाही, त्यांच्यावर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) एक थेंब टाकला की प्रश्न मिटतो (लालवाला नको, तो मग उघडत नाही).

आणि फोन. चाकूच्या खिशात फोन नाही, एवढा एक नियम पाळा.

सगळ्या चाकूंना एकच जागा

असं होत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीवाला लाल चाकू साधारण ६० ग्रॅमचा, पात्याला आतून कडक स्प्रिंग, तो खिशात सुटा टाकला तरी आपोआप उघडत नाही, फक्त मागचा कॉर्कस्क्रू अस्तरात अडकून धागे काढतो. त्याला एक छोटी कापडी थैली पुरते. ५८ मिमीवाला क्लासिक किचेनला लावायचाच आहे, त्याला जागा शोधायचीच गरज नाही, पण त्याच कारणाने तो विसरला जातो आणि लोहगावला विमानतळावर सिक्युरिटीला आठवतो. विमानाने जायचं असेल तर आदल्या रात्री किचेन तपासा, चेक-इन बॅगेत चालतो, केबिनमध्ये नाही.

ओपिनेलचा ८ नंबर हा ट्रेकवाल्यांचा लाडका, पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ लाकडी, हलका एकदम. त्याला क्लिप नाही आणि आत कडक स्प्रिंगही नाही, पातं बंद राहतं ते लाकडाच्या घट्टपणावर आणि त्या फिरत्या रिंगवर. रिंग १९५५ पासून आहे पण बंद चाकूही लॉक करायची सोय २००० साली आली, तेव्हा आजोबांचा किंवा जुन्या बाजारातून आणलेला ओपिनेल असेल तर त्याची रिंग बंद स्थितीत लॉक होईल असं धरून चालू नका, तो खिशात नको, सॅकमध्ये ठेवा. नवा असेल तर रिंग फिरवल्याशिवाय खिशात टाकायचा नाही, दर वेळी.

लेदरमनसारखा मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू वगैरे एकत्र असलेलं हत्यार, २४० ग्रॅमच्या आसपास जातो. तो पॅन्टच्या खिशात ठेवला की खिसा लोंबतो आणि चालताना मांडीवर आपटत राहतो, त्याची जागा बेल्टच.

बेल्टवर कुठे

लोक कमरेवरची जागा घड्याळासारखी सांगतात, बेंबी बारा, उजवी बाजू तीन, पाठीचा कणा सहा. सहावर काहीही कडक ठेवू नका, चाकू नाही, टूल नाही, काहीच नाही. दुचाकीवरून मागे पडलात तर तुमचा कणा आणि रस्ता यांच्या मधे ती वस्तू असते. पुण्यात पावसाळ्यात गाडी घसरणं नवीन नाही, एवढं पुरे.

तीनवर, म्हणजे बरोब्बर बाजूला, चालताना छान, पण रिक्षात, बसच्या सीटवर, हात असलेल्या खुर्चीत तो आपटतो. साडेतीन-चार बऱ्यापैकी सगळ्यांना जमतं. फिक्स्ड चाकू असेल तर उभा लटकवण्यापेक्षा बेल्टला समांतर आडवा लावून बघा, बसताना मूठ टोचत नाही, फक्त म्यानाची पकड पक्की हवी. म्यान उलटं धरून हलवा, चाकू निघाला तर आडवं लावायचंच नाही.

कार चालवणाऱ्यांनी अमेरिकन व्हिडिओ बघताना लक्षात घ्या, तिकडे सीटबेल्टचं बकल ड्रायव्हरच्या उजव्या कमरेशी असतं, आपल्याकडे डाव्या. म्हणजे डावीकडे बेल्टवर टूल असेल तर सीटबेल्ट लावता-काढता ते मधे येणार, आणि बकल नीट बसलं नाही तर तो प्रश्न चाकूपेक्षा मोठा आहे. उजवीकडे फार मागे लावलंत तर सीटमध्ये रुतेल. गाडीत बसताना टूल काढून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, सरळ.

मागच्या खिशाबद्दल लिहायलाच नको खरं तर. बसलं की कडक, उठलं की अर्धा बाहेर, आणि गर्दीच्या बसमध्ये कधी गेला कळणारही नाही.

ट्रेकला तीच जागा

रोज बेल्टवर असतो म्हणून ट्रेकलाही बेल्टवर, आणि वर सॅकचा कंबरपट्टा आवळला की टूल हाडात रुततं, खाली उतरेपर्यंत तिथे काळंनिळं. कात्रज ते सिंहगड रात्रभर तेरा टेकड्या चढ-उतार करताना ते घासत राहिलं तर दुसऱ्या दिवशी पॅन्ट घालवत नाही. सॅक असेल तेव्हा चाकू सॅकच्या कंबरपट्ट्याच्या चेनवाल्या छोट्या खिशात किंवा पॅन्टच्या मांडीवरच्या चेनवाल्या खिशात ठेवायचा. चेन महत्त्वाची. घसाऱ्यावरून बसून घसरत उतरावं लागतं तेव्हा उघड्या खिशातलं सगळं वर येतं आणि दरीत जातं. पुढच्या बाजूला पोटावर काही कडक नको, कारण कातळाच्या पॅचला पोट टेकवूनच जावं लागतं.

रोप लावून चढणाऱ्यांनी एवढंच, चाकू घडीचा हवा, लॉकवाल्या कॅराबिनरला (चढाईत वापरतात ती धातूची कडी) हार्नेसवर, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर अडकवलेला, बंद. ताणलेल्या दोराला धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तो कापला जातो, त्यामुळे तिथे म्यानातून निसटू शकणारं पातं कुणाच्याही अंगावर नको.

गळ्यातला चाकू हा प्रकार ट्रेकला बरेच जण करतात, दिसतो भारी. दोरी पॅराकॉर्डची, म्हणजे मजबूत नायलॉनची असेल तर लगेच काढा. करवंदीच्या जाळीत किंवा फांदीत अडकली आणि तुम्ही घसरलात तर ती दोरी तुटणार नाही. ताण आला की सुटणारी बारीक मण्यांची साखळी असेल तरच, आणि पळताना किंवा खाली वाकून काम करताना तीही नको, चाकू तोंडावर येतो.

पर्समध्ये सुटा टाकणं

बायकांच्या कुर्त्याला, लेगिंगला खिसेच नसतात किंवा असले तर दोन बोटांचे, त्यामुळे चाकू पर्समध्ये जातो हे साहजिक आहे. चूक एवढीच की तो तळाशी सुटा असतो आणि किल्ल्या शोधायला हात न बघता आत जातो. पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवा, एकटा, आणि तो कप्पा दुसऱ्या कशाला वापरू नका. गच्चीवरच्या बागेचं काम असेल तर पुढे खोल खिसा असलेला ॲप्रन घ्या, कारण कुर्त्याच्या किंवा शर्टाच्या वरच्या खिशातली वस्तू कुंडीवर वाकलं की पडतेच, आणि पायात चप्पल असते.

घाम आणि पाऊस विसरणं

अंगाला चिकटून असलेल्या जागेला घाम लागतो, त्यात मीठ असतं, कार्बन स्टीलचं पातं दोन दिवसांत लालसर ठिपके दाखवतं. चामड्याचं म्यान दिसायला सुंदर, पण ओलं झालं की पाणी धरून ठेवतं, जून ते सप्टेंबर मावळात फिरणार असाल तर पातं म्यानात ठेवून झोपू नका, दोन्ही वेगवेगळं वाळवा. प्लॅस्टिकचं म्यान पाणी धरत नाही पण आत वाळूचे कण गेले की पात्यावर ओरखडे काढतं. ओपिनेलची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं आत आवळून बसतं, अशा वेळी नखाने खेचत बसू नका, मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच ठोकलं की पातं थोडं वर येतं.

जागा बरोबर, दिवस चुकीचा

९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं आर्म्स रूल्स २०१६ मध्ये येतात, घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू याहून लहान आहे, असं म्हणून लोक निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७ वेगळं आहे, त्याखाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात आणि त्यात चाकू, काठी सगळं येतं. तेव्हा सणासुदीला, निवडणुकीत, विसर्जनाच्या गर्दीत खिशाला क्लिप चमकवत जाऊ नका, घरी ठेवा. मेट्रोने जाणार असाल तरी घरी ठेवा, दारातच बॅग स्कॅन होते. आणि बागेचा कोयता गाडीवर न्यायचा असेल तर गोणपाटात गुंडाळून, बांधून, डिकीत. पुण्यात कोयत्याच्या इतक्या बातम्या येऊन गेल्यात की हातात धरून निघालेला माणूस शेताला चाललाय हे समोरच्याने का मानावं?

नवी जागा ठरवताना थेट चाकू लावू नका. त्याच मापाचा जाड मार्कर पेन किंवा लाकडाचा तुकडा त्या जागी लावून दोन-तीन दिवस नेहमीचं सगळं करा, गाडी चालवा, उकिडवं बसा, बुटाची लेस बांधा, पोराला कडेवर घ्या. पोर ज्या कडेला बसतं ती कड सोडा. कुठे टोचतं, कुठून निसटतं ते कळेल, मग चाकू लावा, आणि संध्याकाळी कपडे काढताना तो काढून ठरलेल्या जागी उंचावर ठेवा, कारण पॅन्टबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेलेला चाकू आतून गंजतो आणि मशीनचा रबर फाडतो तो वेगळाच.